सरकारी खवला

राजूरला मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी नाव, गाव, पगार, लग्न झालंय का, यातलं काहीच विचारलं नाही. "हात दाव," म्हणाल्या. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, माझी दहाच्या दहा नखं तपासली आणि निकाल दिला, "रविवारच्या रविवारी कापायची. केरात टाकायची न्हाईत. मला आनून द्यायची."

खोली मिळाली, पण मी चार दिवस धास्तावलेला होतो. आमच्या श्रीगोंद्याकडे कापलेली नखं कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून आई परसात खड्डा करून पुरायची. खोली देऊन वर नखं मागणारी ही बाई करणी करणारी निघाली तर? शेवटी एक्स्चेंजमधल्या लाइनमनला विचारलं. मी तेव्हा टेलिफोन खात्यात नवानवा लागलो होतो आणि शंका विचारायला तो एकच हक्काचा माणूस होता. तो हसून म्हणाला, "त्या व्हय? नर्सबाई. त्यास्नी नखं लागत्यात, जाळायला." यानं माझी भीती कमी झाली असं काही म्हणता येणार नाही.

बाई मूळच्या खर्ड्याच्या. कुठे जामखेडकडचं ते कोरडं रान आणि कुठे हे राजूर, जिथे जूनमध्ये वाळत घातलेला टॉवेल सप्टेंबरात काढावा लागतो. त्यांच्या बौद्ध वस्तीतून नर्सिंग शिकलेल्या त्या पहिल्याच. नेमणुकीचा कागद आला तेव्हा वडिलांनी शाळेतला नकाशा काढून राजूर शोधलं, तर सापडेना. "मी म्हनलं, बाबा, मी जाते. सापडलं तर पत्र टाकते." सापडलं, पत्र टाकलं, आणि तिसेक वर्षं बाई त्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्या पायी तुडवत राहिल्या. निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "हितली सगळी मानसं माझ्या हातावर आलेली. तिकडं जाऊन वरडू कुनावर?"

आणि ओरडणं हा तर त्यांचा श्वास होता. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, जन्म राहत. मिशांना पीळ भरणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला त्या भर गाडीत हाक मारत, "ए पावनेदोन किलो, अकोले दोन दे." तो बिचारा लाल व्हायचा, पण बाईंसाठी पुढची जागा रिकामी करून द्यायचा. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी हात जोडून दारात आले. बाईंनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि बरोबरच्या दहा-बारा कार्यकर्त्यांना सांगितलं, "ह्यो जन्मला तवा रडलाच न्हवता. उलटा धरून दोन फटके दिले. आता बगा, कसा थांबत न्हाई." मी त्यांच्या हातावर जन्मलो नव्हतो, त्यामुळे माझी मोठी अडचण झाली. काही दिवस त्या मला नुसतं "अरे" म्हणत. मग "टेलिफोन" म्हणू लागल्या आणि मी राजूर सोडेपर्यंत टेलिफोनच राहिलो.

नखांचं कोडं पंधरवड्यात उलगडलं. एका दुपारी वरच्या वाडीतली एक पोर, म्हणजे विशीची बाळंतीण, कडेवर तान्हं घेऊन आली. बाईंनी आधी बाळाचं वजन केलं. जुना झोळीचा काटा त्यांनी ओसरीच्या आढ्याला कायमचा टांगलेला होता. मग बाळाच्या गळ्यातला दोरा बोटानं वर उचलला. दोऱ्यात बंद्या रुपयाहून मोठा, पिवळट तपकिरी, शिंपल्यासारखा एक खवला होता. खवलेमांजराचा. बाळंतिणीच्या कमरेला बांधला की ती सुखरूप सुटते आणि मग बाळाच्या गळ्यात घातला की दृष्ट लागत नाही, अशी त्याची ख्याती.

बाई आतून बाटली घेऊन आल्या. ती औषधाची बाटली, आत माझी आणि आणखी कुणाकुणाची नखं! चिमट्यात माझं एक नख धरून त्यांनी काडी ओढली. चर्र झालं, घाण वास सुटला. मग खवल्याची कड जाळली. तसंच चर्र झालं.

"वास घे. सारखाच का न्हाई?"

पोरीनं पदर नाकाला लावून मान हलवली.

"मग? नखच हाय ते. आपल्याला वीस, त्या जनावराच्या अंगभर, एवढाच फरक. नखानं बाळंतीन सुटती व्हय? सुटत आसंल तर नवऱ्याची बांध. फुकट मिळत्यात."

एवढं बोलून त्यांनी दोरा तोडला, खवला पत्र्याच्या डब्यात टाकला आणि त्याच दोऱ्यात कोटाचं एक मोठं काळं बटण ओवून बाळाच्या गळ्यात घातलं. "ह्याचा गुन खवल्याएवढाच. पर ह्याच्यापायी कुनी मरत न्हाई."

ही बटणं त्या संगमनेरहून डझनानं आणवत. मी राजूरला होतो त्या काळात आसपासच्या वाड्यांतली निम्मीअधिक बाळं गळ्यात कोटाचं बटण घालून रांगत होती. बाहेरून बदलून आलेल्या एका हौशी डॉक्टरांनी ही इथली फार प्राचीन चालरीत असावी असं समजून वहीत सचित्र टिपून घेतलं होतं. बाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. डॉक्टर त्यांच्या हातावर जन्मलेले नव्हते ना.

खवलेमांजर हा बाईंचा ध्यास होता. रात्रीचं जेवण मी त्यांच्याकडेच घेत असे आणि भाकरीबरोबर हा प्राणी रोज थोडा थोडा वाढला जाई. "मांजर म्हनत्यात, पर मांजराचा आन् त्याचा काय बी संबंध न्हाई," इथून सुरुवात. त्याला कुणी मासा समजतं, कुणी घोरपडीचा भाऊ. पण ते अंगावर पाजणारं जनावर आहे, छातीशी दोन स्तन असतात, आणि हे सांगताना बाईंचा आवाज नात्यातल्या बाईबद्दल बोलावं तसा होई. तोंडात दात एकही नाही. जीभ मात्र अशी, की तिचं मूळ पार बरगड्यांच्या शेवटाशी. "तुझी जीभ तेवढी आसती तर एक्स्चेंज बंद पाडलं आसतंस."

"दात नाहीत तर चावतं कसं?" मी विचारायचं, ही माझी ठरलेली कामगिरी.

"चावतं कुठं? मुंग्या आन् वाळवी चाटून गिळतं, त्याच्याबरूबर बारीक खडं बी जात्यात. त्या खड्यांवर पोटात दळन हुतं. जातं पोटातच ठिवलंय बग."

वारूळ उकरताना ते नाक-कान मिटून घेतं, म्हणजे मुंग्या आत शिरत नाहीत. पुढच्या नख्या बोथट होऊ नयेत म्हणून मुठी मिटून चालतं. नजर अधू, नाक तिखट. घाबरलं की डोकं पोटात घालून वर शेपटीचा वेढा देतं आणि त्याचा असा चेंडू होतो की बिबट्यानंही लाळ गाळून निघून जावं. "पर मानूस न्हाई जात. मानूस पोत्यात भरतो. पळावं तर ते बिचारं पळत न्हाई, वळून बसतं. त्याला वाटतं, झालं, आता कुनी काय करनार?"

एवढी माहिती त्यांनी नगरच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना आंतरदेशीय पत्रं लिहून लिहून मिळवली होती. सगळे प्रश्न नर्सचे. पिल्लू किती दिवस पोटात? पायाळू येतं का डोक्याकडून? कळा किती वेळ? खवल्यांसकट बाहेर येतं तर आईला इजा कशी होत नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. जन्मतः खवले मऊ असतात आणि मग चार-आठ दिवसांत टणक होत जातात. "बग, सगळी सोय केलीय!" बाकीच्या प्रश्नांना प्राध्यापकांनी शेवटी हात जोडून लिहिलं होतं, की बाई, याचं बाळंतपण कुणी नीट पाहिलेलंच नाही आणि दिवसांचा आकडा प्रत्येक पुस्तकात निराळा आहे. बाई त्यावर आठवडाभर घुश्शात होत्या. दिवस मोजता येत नाहीत म्हणजे काय? शिकलेली माणसं करतात काय?

"बाई, तुम्ही कधी पाहिलंय का हो?" एकदा मी सहज विचारलं.

त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. असं कधी होत नसे.

"मेलेली पायली," त्या म्हणाल्या. "जित्तं एक बी न्हाई. मी पाहनार बी कोनत्या तोंडानं?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते त्याआधी स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीतलं त्यांचं पहिलंच वर्ष. एका वाडीवर पहिलटकरीण दोन दिवस अडलेली, मूल पायाकडून. सासू दारात आडवी. ही काल आलेली बाहेरची पोर, हिला हात लावू देणार नाही. शेवटी म्हणाली, खवला बांध, तरच आत ये. घरातल्या माणसांनी तो आणूनही ठेवला होता. वाद घालायला वेळ नव्हता. बाईंनी आपल्या हातानं खवला त्या बाळंतिणीच्या कमरेला बांधला, आत गेल्या आणि तासाभरात पायाळू मुलगा जिवंत बाहेर काढला. मुलगाही वाचला, आईही.

"आन् नाव झालं खवल्याचं," बाई म्हणाल्या. "आदी ती म्हाताऱ्या बायांची खुळचट गोष्ट हुती. पर आता नर्सनं बांधला! सरकारनं बांधला! सरकारी खवला म्हनायचे लोक. वाडी-वाडीवर मागनी. वर्षाच्या आत मी पाच कातडी पायली, टेलिफोन. पाच, माझ्या एका गाठीपायी."

मला वाईट वाटलं. मी आणखी एक भाकरी मागितली. भूक नव्हती, तरी मागितली.

यानंतर काही महिन्यांनी, शिमगा होऊन गेल्यावर, आठवडी बाजाराच्या दिवशी, मी दुपारच्या सुट्टीत भाजी घेत होतो. तिठ्ठ्यावर गर्दी दिसली. रोजगार हमीच्या कामावर बांध खोदताना बीळ फुटलं होतं आणि आतलं खवलेमांजर एका माणसानं पोत्यात घालून बाजारात आणलं होतं. पोतं उघडं होतं, आत हंड्याएवढा खवल्यांचा गोळा. तोंड नाही, पाय नाहीत, काही नाही. सल्ले मात्र चहूबाजूंनी येत होते. कुणी म्हणे पाणी ओता म्हणजे उघडेल, कुणी म्हणे विस्तवाजवळ धरा. मी भाजी तिथेच टाकली आणि धावत घरी गेलो.

बाईंचे गुडघे तेव्हा पार गेले होते. जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला एक शिवी देत. पण त्या दिवशी मला त्यांच्या मागून पळावं लागलं. मला वाटेतच फर्मान सुटलं, "तू एक्स्चेंजला जा, फॉरेष्टला फोन लाव. गार्ड येईस्तवर मी बगते."

फोन करून परत आलो तर गर्दीचं रिंगण दहा पावलं मागे सरकलेलं. मध्ये बाई एका पालथ्या पाटीवर बसलेल्या, आणि बाजारातल्या एका कापडवाल्याची दोन लुगडी चार काठ्यांना बांधून त्यांनी पोत्याभोवती चक्क आडोसा केलेला. बाजारात बाळंतिणीची खोली!

"बापय मानसं मागं! बाया बी मागं! कुनाचं काय काम न्हाई हितं!"

"बाई, जनावर हाय ते," कुणी तरी म्हणालं.

"बाळंतीन हाय ती." त्यांनी मला जवळ बोलावलं, एका खवल्यावर माझं बोट टेकवलं. टणक, खरखरीत. मग गोळ्याच्या दुमडीत, जिथे शेपटीची कड पोटाशी भिडली होती, तिथे एक फिकट टोक दिसत होतं. "ह्याला लाव. हळू." ते मऊ होतं. तान्ह्या बाळाचं नख असतं तसं. "आत पिल्लू हाय. आठ दिसांचं बी न्हाई. पोटाशी घिऊन बसलीय."

इतकी वर्षं पत्रांतून ओळखलेली ही लेकुरवाळी आज समोर होती आणि तिचं तोंडही दिसत नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पदरानं पुसले आणि पोतंवाल्याकडे वळल्या. तिशी ओलांडलेला, काळासावळा, हडकुळा तरुण.

"पायाळू, तू?"

तोच तो. खवला बांधून जन्मलेला. त्याची मान खाली होती, पण पोत्याचं तोंड त्यानं घट्ट धरलं होतं.

"बाई, मला इकायचं न्हाई हे," तो म्हणाला. "माज्या बायकूचे दिस भरल्यात. पयली खेप हाय. लई भ्याल्यात समदी. दोन खवलं काढून घेतो, मग तुमी सोडा तिला. दोन खवल्यानं काय हुतंय?"

"तुजी पायाची दोन नखं उपटते. बग काय हुतंय ते."

लोक हसले. पायाळू हसला नाही. "माज्या टायमाला तुमीच बांधला हुता की. आय रोज सांगती."

हशा थांबला. तिठ्ठ्यावर जमलेल्या साऱ्यांना ती गोष्ट ठाऊक होती, बाईंची बटणंही ठाऊक होती, पण ही दोन टोकं बाईंसमोर एकत्र धरायची कुणाची छाती झाली नव्हती. बाईंनी पोत्याकडे पाहिलं. मला पहिल्यांदाच त्यांची भीती नाही, काळजी वाटली. चूक कबूल करावी तर तीस वर्षांचा दरारा भर बाजारात मातीत जाणार. न करावी तर पोतं त्याच्याच हातात राहणार.

"व्हय," त्या शेवटी म्हणाल्या, आणि मोठ्यानं म्हणाल्या, बांगडीवाल्यांपर्यंत ऐकू जावं अशा. "बांधला हुता. तुजी आजी दारात आडवी, तुजी आय मरायला टेकलेली. मी भ्याले आन् बांधला. चुकले मी. खवला तुज्या आयच्या कमरंला हुता, आन् हात माजा हुता. तुला खवल्यानं न्हाई काढलं, ह्या हातानं काढलं."

पायाळूनं त्या हाताकडे पाहिलं. बोटं वाकडी झाली होती. "आता त्यो बी म्हातारा झाला की, बाई," तो अगदी साधेपणानं म्हणाला. "मंग मी कुनाच्या भरवशावर ऱ्हावं?"

"माज्या. उद्या बायकूला घिऊन ये माज्या घरी. दवाखाना हाकंच्या अंतरावर. सुटंस्तवर मी उशाशी बसते. खवल्याचं काम खवला करत न्हाई रं लेकरा, ते मीच करत हुते. आता बी मीच करते."

तो पोत्याचं तोंड सोडून दोन पावलं मागे झाला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच मला शिव्या पडल्या, की वाऱ्याला श्वास टाकू नको, तुझ्या केसांचं वासाचं तेल तिला सोसत नाही.

वनरक्षक चारच्या सुमाराला मोटरसायकलवर आला. पंचनामा झाला. जनावर धडधाकट आहे, तेव्हा जिथून आणलं तिथल्याच डोंगरात सोडायचं, असं ठरलं. पोतं मांडीवर घेऊन बाई टेम्पोत पुढे बसल्या. फुटलेल्या बिळापासून थोडं वर, वारुळं असलेल्या झाडीत, दिवस मावळता मावळता त्यांनी पोतं आडवं ठेवलं. मग आम्हाला वाऱ्याची दिशा बघून तीस-चाळीस पावलं दूर नेलं आणि ओळीनं पाठमोरं बसवलं. वनरक्षक, पायाळू, टेम्पोवाला, मी, आणि शेवटी स्वतः बाई, त्याही पाठमोऱ्या.

"बाई," मी कुजबुजलो, "तिला तर दिसत नाही म्हणता. मग पाठ कशाला?"

"तिला दिसत न्हाई, पर आपल्याला दिसतंय ना? बाळंतिनीकडं बगायचं आसतं व्हय?"

आम्ही बसून राहिलो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग मागे सुकलेला पाला वाजला, आणि खवल्यांवर खवले घासल्याचा आवाज आला. बाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते आणखी दाबलं. त्यांनी मात्र मान वळवली नाही. सबंध आयुष्य ज्याच्यासाठी तळमळल्या ते तीस पावलांवर चाललं होतं, आणि नियम आपला आपण केलेला, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी पाहिलं. मी तितका चांगला माणूस नाही.

आधी लांबट नाक बाहेर आलं, हवा हुंगणारं. मग ती मागच्या पायांवर जवळजवळ उभी राहिली, पुढचे हात छातीशी धरून, घरात कुणी आहे का असं बघणाऱ्या म्हातारीसारखी. मग चालू लागली, आणि तिच्या शेपटीच्या मुळाशी आडवं चिकटलेलं फिकट रंगाचं एक पिल्लू होतं. झुडपाआड गेली.

खाली उतरताना बाई माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होत्या. पहिल्या वळणावर म्हणाल्या, "बगितलंस न्हवं?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण "हो" निघून गेलं.

"वाटलंच मला, हलकट. एकच हुतं?"

"एकच."

"शेपटीवर?"

"शेपटीवर."

"दोगं बी चांगली?"

"दोघंही चांगली, बाई."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वळणापर्यंत स्वतःशीच हसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी माझी खोली गेली. पायाळूची बायको, तिच्या कळा येईपर्यंतचं सामान, एक कोंबडी आणि पायाळूची आई असा सगळा परिवार माझ्या खोलीत उतरला आणि मी वळकटी घेऊन एक्स्चेंजमध्ये मुक्काम हलवला. पायाळूची आई बाईंशी दोन दिवस बोललीच नाही. आपल्या बाळंतपणाचा भर बाजारात पंचनामा झाला, हे तिला फार लागलं होतं. पण आपल्या खवल्याला बाईंनी खोटा म्हणावं, हे त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा न्यायला गेलो, तर घर उघडं टाकून सगळी दवाखान्यात. मीही गेलो. बाई निवृत्त, नव्या नर्सबाईंनी त्यांना अडवायचं धाडस केलं नाही म्हणून आत होत्या. दहाच्या सुमाराला त्या बाहेर आल्या, हात पुसत, घामानं भिजलेल्या.

"पोरगी. डोस्क्याकडनं. तीन किलोला थोडी कमी." आणि पायाळूकडे बघून, "कमरंला काय हुतं रं तिच्या?"

"काय न्हाई, बाई."

"काय न्हाई!" बाई सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या. जिंकलेल्या माणसाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

जिंकल्याचा आनंद दहा मिनिटंही टिकला नाही. पायाळूची आई नात पदरात घेऊन बाहेर आली, डोळ्यांत पाणी, आणि जमलेल्या बायकांना सांगू लागली, "त्या आयला तिच्या लेकरासकट सोडलं ना माज्या पोरानं. तिनंच आशीर्वाद दिला. तिला सोडलं, म्हनून माजी सून सुटली!" बायकांनी "व्हय बाई, व्हय" करत माना डोलावल्या. बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून आ वासून ऐकत राहिल्या. दोन दिवस उशाशी बसल्या त्या, आणि नाव पुन्हा मांजराचं!

ही बातमी बाजाराच्या वाटेनं वाड्यांवर पोचली. महिन्याभरानं, मी माझ्या खोलीत परत आलो होतो, एक अनोळखी बाई सुनेला घेऊन ओसरीवर येऊन बसली. सून सात महिन्यांची. आमच्या मळ्याच्या कडेला खवल्याचं बीळ निघालंय, म्हणाली. नवरा म्हणतो बुजवू. पण गावात बोलतात, त्याला छेडलं तर सून अडते आणि सुखानं राहू दिलं तर सून सुखानं सुटते. खरं का हो बाई?

मी खोलीच्या दारात उभा होतो. नखांची बाटली आणि काडेपेटी कोनाड्यात होती आणि आता खरपूस दहा मिनिटांचं व्याख्यान होणार, म्हणून मी चौकटीला टेकून ऐकायच्या तयारीत. बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"बीळ उगडं ठिव," म्हणाल्या. "तिकडं फिरकू बी नगो. आन् सुनंला नववा लागला की दवाखान्यात आन. दोनी केलं तरच गुन येतो."

सासू-सून गेल्या. मी आलो ओसरीवर.

"बाई, हे साफ खोटं आहे."

"साफ खोटं हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "आन् तू कुनाला खरं सांगितलंस, तर त्याच दिशी खोली खाली करायची."